अस्वलाची बिनपरवाना वहिवाट

मनुष्यप्राण्याच्या अंगी जे अनेक सद्गुण वसत आहेत, त्यांत दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड थाटून मूळ घरमालकालाच ‘आपले काय काम आहे?’ असे दरडावून विचारण्याचा गुण अग्रगण्य मानावा लागेल. आणि या गुणाचा परमोत्कर्ष ज्यांस पाहावयाचा असेल, त्यांनी अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यात समुद्रात पाय सोडून बसलेल्या फ्लोरिडा राज्याकडे दृष्टी वळवावी. तेथील सुखवस्तू प्रजा अलीकडे एका विलक्षण संकटाने हैराण झाली आहे. ज्या काळ्या अस्वलांनी सभ्य समाजाच्या समजुतीप्रमाणे बर्फाळ डोंगरांत अथवा फार तर मुलांच्या चित्रमय पुस्तकांत राहावयाचे, ती ताडामाडांच्या छायेत, समुद्राच्या पुळणीवर आणि बंगल्यांच्या परसात राजरोस हिंडताना आढळू लागली आहेत.

२०२३ च्या जून महिन्यातील गोष्ट. मेक्सिकोच्या आखातावरील डेस्टिन या गावी सुटी घालविण्यास आलेली मंडळी पांढऱ्याशुभ्र वाळूत छत्र्या रोवून बसली असता, एक काळे अस्वल आखातातून शांतपणे पोहत आले, किनाऱ्यास लागले, आणि निथळत्या अंगाने, कोणाच्याही टोपलीतील खाद्यपदार्थांची चौकशी न करता, मंडळींच्या मधून वाट काढीत वाळूच्या टेकड्यांकडे धावत दिसेनासे झाले. समुद्रस्नानाचा इतका शुद्ध आणि निर्हेतुक आनंद त्या किनाऱ्यावर त्या दिवशी दुसऱ्या कोणी घेतला असेल, असे वाटत नाही. तथापि या स्नानाचे चलच्चित्र जगभर फिरले ते मात्र ‘अघटित’ या सदराखाली.

आता यात अघटित ते काय, हे त्या प्रांताचे जुने दप्तर चाळणाऱ्यास कळणे कठीण आहे. काळे अस्वल हे तेथील मूळचे रहिवासी असून, एके काळी त्याचा संचार त्या अवघ्या मुलखात होता. ओकची फळे, पाल्मेटो नामक खुरट्या ताडाची बोरे, कोवळा गाभा आणि मुंग्या-किडे यांवर त्याचा चरितार्थ चाले. आणि हिवाळ्यातही अन्न मिळत असल्यामुळे तेथील गर्भवती माद्या तेवढ्या बाळंतपणासाठी गुहेत वा झुडपात दडी मारून बसतात, इतरांस दीर्घ निद्रेची चैन आवश्यक वाटत नाही. १९७४ साली सरकारने या प्राण्यास संरक्षण दिले, तेव्हा त्याची संख्या काही शेकड्यांवर आली होती. पुढे ती वाढत सुमारे चार हजारांवर पोचली आणि २०१२ साली संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचे नाव रीतसर खारीज झाले. इकडे १९५० साली त्याच राज्यात २८ लाखांच्या आत असलेली माणसे २०२० च्या शिरगणतीत २ कोटी १५ लाखांवर गेली. त्यांना कोणत्याही यादीत घालण्याचा प्रसंग आला नाही. चार हजारांनी दोन कोटींच्या वस्तीत अतिक्रमण केल्याची फिर्याद मात्र नित्य दाखल होत असते. फिर्यादीही आपण आणि पंचही आपणच असल्यावर निकालाची चिंता करण्याचे कारण उरत नाही.

या फिर्यादीतील सर्वांत मनोहर प्रकरण ऑर्लँडोनजीकच्या डिस्ने उद्यानाचे होय. तेथील रानावनाची आणि दलदलीची सुमारे २७ हजार एकर जमीन १९६० च्या दशकात खरेदी झाली ती भलत्याच कंपन्यांच्या नावांनी, कारण खरा गिऱ्हाईक कळला असता तर भाव चढला असता. आणि १९७१ साली उद्यान उघडले त्या वर्षापासूनच तेथे यांत्रिक अस्वलांचा गायनवादनाचा जलसा चालत आला. १८ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच भागात एका झाडावर एक खरीखुरी अस्वलीण आढळली. वन्यजीव खात्याच्या म्हणण्याप्रमाणे ती बहुधा अन्नाच्या शोधात आली असावी. परंतु तिकीट काढून आलेल्या शेकडो माणसांसाठी पाळणे आणि होड्या तत्काळ बंद करण्यात आल्या, तिला यथाविधी पकडण्यात आले, आणि ओकाला राष्ट्रीय वनाच्या परिसरात तिची रवानगी झाली. लोखंडी अस्वलांनी तंतुवाद्यांच्या साथीने गाणी म्हणणे हे निसर्गदर्शन, आणि हाडामांसाच्या अस्वलाने झाडावर चढणे हा शांतताभंग, हा नियम एकदा मान्य केला की या प्रकरणात कोठेही विसंगती राहत नाही.

अस्वल वस्तीत येते कशाला, याचे उत्तर शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पाल्मेटोची बोरे आता पोत्यापोत्यांनी खुडून वृद्ध पुरुषांच्या मूत्रविकारावरील गोळ्यांसाठी कारखान्यांत जातात; ओकच्या राईंच्या जागी हिरवळीचे चौकोन आणि हमरस्ते झाले आहेत, ज्या हमरस्त्यांवर मोटारींखाली दरवर्षी शेकडो अस्वले मरतात. त्याउलट प्रत्येक बंगल्याच्या दाराशी, ठरलेल्या वारी, मांसाची हाडे, अर्धवट खाल्लेला पिझ्झा आणि शिळ्या केकचे तुकडे यांनी भरलेली, झाकण खुशाल वाऱ्यावर सोडलेली पेटी रात्रभर मांडून ठेवण्यात येते. ज्याचे नाक कोसावरील वास हुंगते, त्या प्राण्याने अशा पंक्तीस येऊ नये अशी अपेक्षा करणे म्हणजे सनई-चौघडा लावून गावजेवण मांडावे आणि मग आगंतुकांबद्दल पोलिसांत वर्दी द्यावी, तसे आहे. अस्वलास बुद्ध्या खाऊ घालणे हा तेथे कायद्याने गुन्हा आहे. आळसाने खाऊ घालण्याबाबत मात्र मनुष्यस्वभावास पुष्कळ सवलत मिळते.

सरकार स्वस्थ बसले असे कोणी म्हणू नये. २०१५ साली शिकारीचा आठवडा जाहीर झाला, आणि दोनच दिवसांत ३०४ अस्वले पडल्यावर तो घाईघाईने आटोपता घ्यावा लागला. २०२४ च्या कायद्याने जिवावर वा घरावर बेतल्यास अस्वल मारणाऱ्यास अभय दिले. २०२५ च्या मे महिन्यात राज्याच्या नोंदींतील पहिलाच मनुष्यवध अस्वलाकडून घडला. तो खरोखरीच दुःखद होता आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा शिकार ठरली, तेव्हा अवघ्या १७२ परवान्यांसाठी १ लाख ६० हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांत बंदुकीस कधी हात न लावलेले कित्येक प्राणिमित्रही होते, ज्यांचा बेत परवाना पदरात पाडून घेऊन तो तसाच कपाटात ठेवण्याचा होता. बंदूक असलेला आणि नसलेला असे दोन्ही पक्ष एकाच चिठ्ठीसाठी रांगेत उभे करणारी ही राज्यव्यवस्था लोकशाहीच्या इतिहासात अपूर्व ठरावी.

वन्यजीव खाते वर्षानुवर्षे कंठशोष करून सांगत आहे की कचऱ्याच्या पेटीस मजबूत कडी बसवा, ती उचलण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवा, म्हणजे निम्मा तंटा जागच्या जागी मिटेल. उपाय स्वस्त आहे, सोपा आहे, आणि जेथे तो अमलात आला तेथे गुणकारीही ठरला आहे. परंतु त्यात एक मोठीच उणीव राहून गेली आहे. पेटीस कडी लावण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही, आणि ज्या कामास परवाना लागत नाही त्यासाठी लाख-दीड लाख माणसे अर्ज घेऊन रांगेत उभी राहिल्याचे कोठेही ऐकिवात नाही.