फडावर पाठीचे व्याख्यान कसे द्यावे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे फिरू लागतात. एक ऊस तोडणारी, दुसरी ऊस तोडणाऱ्यांना आरोग्याबद्दल चार गोष्टी सांगणारी. पहिल्यांना मार्गदर्शन लागत नाही. पाथर्डी-शेवगावकडून, शेजारच्या बीडकडून ती दिवाळीच्या आगेमागे येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत काम उरकून जातात. दुसऱ्यांची मात्र पंचाईत होते. ऐन फडात उभे राहून ‘पाठ ताठ ठेवा’ हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचे, याचे शिक्षण कुठल्याच अभ्यासक्रमात मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

विषय ‘कंबर, पाठ आणि उठण्या-बसण्याच्या योग्य सवयी’ हाच घ्यावा. उचल, मुकादम, वजनकाटा, टनाचा दर यांपैकी एकाचेही नाव न काढता तासभर बोलता येईल असा दुसरा विषय या भागात उपलब्ध नाही. शिवाय पाठ ज्याची त्याची असते, म्हणून दुखण्याची जबाबदारीही ज्याची त्याच्यावर टाकता येते. व्याख्यात्याला याहून सोयीचे काय हवे?

स्थळाबाबत घाई करू नये. संगमनेर, कोपरगाव, सोनई, भेंडे, श्रीगोंदे, कारखान्यांना तोटा नाही. पहिलेच व्याख्यान असेल तर प्रवरानगर धरावे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन १९५० साली आशियातला पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना उभा केला तो इथे, लोणीच्या शिवारात. आज त्याच लोणीत फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. म्हणजे एकाच पंचक्रोशीत पाठ वाकवण्याचीही सोय आहे आणि सरळ करण्याचीही. दुसऱ्या सोयीचा लाभ घ्यायला निघाले तर टोळीत खाडा पडतो, तेव्हा बहुतेक जण पहिलीवरच समाधान मानतात.

जाताना मुद्दाम नगर-मनमाड रस्त्याने जावे. दिवसभर हादरे खात गाडी चालवणाऱ्यांना कंबरदुखी अधिक जडते, हे शास्त्राने कधीच सांगून ठेवले आहे. इथे ते वाचावे लागत नाही. राहुरी येईपर्यंत विषय अंगी बाणतो.

वेळ सकाळी अकराची ठेवावी. टोळी तोवर पहाटेपासून राबून अर्धीअधिक दमलेली असते आणि दमलेले श्रोते प्रश्न कमी विचारतात. सुरुवात आकड्याने करावी. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, हा आकडा खरा आहे आणि वजनदारही. ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे की आपण एकटे नाही. त्यातल्या किती जणांच्या डोक्यावर त्या वेळी मोळी होती, या तपशिलात जाऊ नये.

मग पिशवीतून प्लास्टिकचा मणका काढावा. लहान मुले जवळ येतात, सभेत चैतन्य येते. मणक्याला बाक कुठे आहेत ते दाखवावे, मधल्या गाद्या दाखवाव्या. इथे मात्र एक सावधगिरी. या गाद्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. स्पंज दाबला-सोडला की पाणी आतबाहेर होते, तसे ओझे चढले-उतरले, शरीर हलले-डुलले की त्यांना पोषण पोहोचते. दिवसभराच्या भाराने त्या इतक्या चेपतात की संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी बुटके असतो. रात्री आडवे झालो की पुन्हा भरतात. हे सगळे खुशाल सांगावे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष सांगू नये. तो असा, की बसण्या-उभे राहण्याची एकच आदर्श ढब आणि ती पाळली की दुखणे नाही, असा काही नियम अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. पोक काढून बसणारे कित्येक ठणठणीत असतात, ताठ बसणारे कित्येक कण्हत असतात. जाच होतो तो एकाच ढबीत तासन्‌तास अडकून राहण्याचा आणि वाकलेल्या अवस्थेत पुन्हा पुन्हा ओझे उचलण्याचा. हे एकदा तोंडातून गेले की पुढचा प्रश्न ‘मग काम कसे बदलायचे’ असा येतो आणि व्याख्यान हातचे जाते.

तरीही काम कसे चालते ते एकदा जवळून पाहून घ्यावे. उगाच बोलताना घोटाळा नको. गडी डाव्या हाताने ऊस धरतो, कमरेत पूर्ण वाकतो आणि कोयता बुडख्यावर, पार जमिनीला टेकवून मारतो. गुडघ्याइतक्या उंचीवर मारला असता तर पाठ अर्धी वाचली असती. पण उसात साखर सगळ्यात जास्त बुडाला असते. बुडखा रानात राहिला तर कारखान्याचा उतारा बुडतो, शेतकऱ्याचे वजन बुडते आणि मागे ठेवलेला खोडवाही नीट फुटत नाही. कारखान्याचा चिटबॉय येऊन बुडखे बघतो ते याचसाठी. कारखाना, शेतकरी आणि पुढच्या वर्षीचे पीक, तिघांचेही हित पायाच्या घोट्याच्या पातळीवर आहे. त्याला गडी काय करणार?

पूर्ण वाकल्यावर एक गमतीची गोष्ट घडते. पाठीचे मोठे स्नायू काम थांबवतात आणि सगळा भार सांध्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. तासन्‌तास ताणलेले हे बंध माणूस उभा राहिला म्हणून लगेच मूळ पदावर येत नाहीत. आणि नेमक्या त्याच वेळी, कंबर ढिली असतानाच, मोळी उचलायची असते. बाई तोवर पाचट सोलून, शेंडे छाटून, वाढ्यांच्या आळ्याने मोळी बांधते. चुंबळ डोक्यावर ठेवते, कुणीतरी हात लावतो, आणि ती फळीवरून ट्रॉलीत चढते. मोळी तीस-चाळीस किलोची. जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, दिवसाला दोन टन तोडले तर पन्नास-साठ मोळ्या होतात.

हे पाहून झाले की ओझे उचलण्याचे प्रात्यक्षिक करावे. नियम तीन: गुडघ्यात वाका, ओझे अंगालगत धरा, उचलताना अंग पिळू नका. नियम चांगले आहेत, गोदामात पोती हलवणाऱ्याला उपयोगी पडतात. प्रात्यक्षिकासाठी मात्र पाण्याची बाटली किंवा आपली लॅपटॉपची बॅग घ्यावी. उत्साहाच्या भरात मोळीला हात घालू नये. एखादी मावशी गालातल्या गालात हसली तरी तिकडे दुर्लक्ष करावे. ती त्याच मोळीसकट फळी चढणार आहे. ओझे अंगालगत धरण्याचा नियम ती तंतोतंत पाळते, कारण डोक्याहून अंगाच्या जवळ काय असणार?

आता शंका-समाधान. ते टाळता आले तर उत्तम, पण चहा यायला उशीर झाला तर घ्यावे लागते. पहिला प्रश्न ठरलेला: “सायेब, बसून ऊस तोडता येतो का?” याचे उत्तर खरेतर ‘हो’ असे आहे. हार्वेस्टर चालवणारा बसूनच तोडतो, गादीच्या खुर्चीत, काचेच्या केबिनमध्ये, पाठीला टेकू देऊन. या सगळ्या उद्योगात आपले व्याख्यान अक्षरशः अमलात आणणारा तोच एक इसम. त्या यंत्राला सरकारी अनुदानही आहे. पाठीला अनुदान असते का, असे कोणी पुढे विचारले तर ‘योजना विचाराधीन असावी’ असे मोघम बोलावे.

दुसरा प्रश्न: “डाक्टर म्हन्ले मनक्यात गॅप हाय.” इथे माझे मत जरा कडक आहे. ‘गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ या तीन शब्दांनी आपल्याकडे जेवढी माणसे घाबरवली, तेवढी उसातल्या बिबट्यानेही घाबरवली नसतील. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा मोठा आढावा २०१५ साली निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. पांढऱ्या केसांचे ऑपरेशन कोणी करत नाही. पाय बधिर पडणे, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, असे काही असेल तर एक दिवसही न थांबता दवाखाना गाठावा. हे एक वाक्य मात्र मस्करी न करता, दोनदा सांगावे. बाकी उसण भरली म्हणून पायाळू माणसाकडून कमरेवर पाय फिरवून घेणाऱ्यांना हसू नये. उसण बहुतेकदा आपली आपण जातेच. पायाळू निदान फोटो काढायला सांगत नाही.

सभेत कोणी जास्त वाचलेला निघालाच, तर तो कॅलिफोर्नियाचे नाव काढील. तिथल्या शेतात मजुरांना जेमतेम फूट-दोन फूट दांड्याचे खुरपे देत. ते घेऊन दिवसभर कमरेत मोडून राबावे लागे, आणि कोणी उभा दिसला की तो काम करत नाही हे मुकादमाला लांबूनच कळे. लांब दांडा दिला तर पिकाचे नुकसान होईल, असे मळेवाले सांगत. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांची बाजू उचलून धरली, आखूड दांडा बंद झाला, आणि पीक काही बुडाले नाही. या उदाहरणावर व्याख्यात्याने सावध राहावे. ‘आपला ऊस वेगळा’ असे म्हणून सुटका होते आणि ते खोटेही नाही. एका हाताने ऊस धरून दुसऱ्याने मारायचे तर नुसता दांडा वाढवून भागत नाही. पण तिथे कोणी मजुराला ‘नीट वाक’ असे शिकवले नाही, दांडा बदलायला लावला, हे श्रोत्यांच्या ध्यानात येऊ देऊ नये. नाहीतर मोळ्या ट्रॉलीत चढवायला साधे यंत्र का नाही, फळी इतकी अरुंद का, मोळी लहान बांधली तर कोणाचे काय बिघडते, असे फाटे फुटतात.

थकव्याचा मुद्दा शेवटी घ्यावा. ‘पुरेशी झोप घ्या’ एवढे म्हणून आटोपते घ्यावे. झोपमोड झाली की दुखणे जास्त जाणवते, हे पक्के ठाऊक आहे. पण ट्रक-ट्रॅक्टर रात्री-अपरात्री येतो आणि आला की भरून द्यावाच लागतो, म्हणून झोपेचे तास कोपीत राहणाऱ्याच्या हातात नसतात. बाईला तर त्याआधी उठून भाकरी थापायच्या असतात, पाणी आणायचे असते. ज्याच्या त्याच्या पाठीची जबाबदारी ज्याची त्याच्यावर, हे आपले मूळ तत्त्व इथे डळमळते, तेव्हा या मुद्द्यावर रेंगाळू नये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती बाब स्वागतार्ह म्हणून उल्लेखावी. मात्र दर टनावरच आहे. म्हणजे पाठ जितकी जास्त वाकेल तितकी रोजी.

एवढे सगळे जमले तर व्याख्यान निर्विघ्न पार पडेल. आता एकच सूचना, आणि ती खरोखर मनावर घ्यावी. तुम्ही बोलत असता तेवढा वेळ टोळी बसलेली असते. हातात कोयता नसतो, डोक्यावर मोळी नसते. कोणी पाय पसरतो, कोणी उसाच्या ढिगाला पाठ टेकतो. गाद्यांना भरून यायला हवे असते ते तेवढेच. तेव्हा घड्याळाकडे न बघता चांगले पाऊण तास बोला. आणि बोलायला उभे राहण्याआधी मुकादमाला बाजूला घेऊन कबूल करून घ्या, की या पाऊण तासाचा खाडा कोणाच्याही हिशेबात लागणार नाही.