वहिनी, स्टिमॅच आणि झावीचा ईमेल

सिंगापूरनं गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर येऊन आपल्याला 2-1 असं हरवलं, 2027 च्या आशिया कपचं दार बंद झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कंपाउंडच्या भिंतीला टेकून पेपर चाळत होत्या. पुढून मागं, मग मागून पुढं.

“कुठं छापलंय बघा भावजी. दिल्लीची कसोटी जिंकल्याचा ह्यो एवढा फोटो, त्याच्या खाली कबड्डी, आणि कबड्डीच्या खाली आपण. छांगटेनं पहिला गोल मारला होता, त्याचं नावसुद्धा नाही.”

“रात्री उशिराचा सामना, जागा कुठनं मिळणार?”

“झावी आला तेव्हा मिळाली की जागा!”

वहिनींशी फुटबॉलवर वाद घालू नये हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. माहेर कट्टर पाटाकडीलचं, आणि लग्न होऊन आल्या त्या दिलबहारवाल्यांच्या घरात. शाहू स्टेडियमवर त्या दोन संघांचा सामना असला की त्यांच्या घरी स्वयंपाक शांततेत होतो. कोल्हापुरात कोचला पेपराची वाट बघावी लागत नाही. त्याचं काय चुकलं ते गॅलरी त्याला तिथल्या तिथं, नावानिशी आणि खानदानासकट सांगते. वहिनींचा राग असा की देशाच्या कोचपर्यंत आपला आवाज पोचत नाही, आणि पोचतं ते भलतंच.

झावीचा किस्सा तुम्हाला आठवत असेल. 2025 चा जुलै. मानोलो मार्केझ गेलेला, भारताला नवा कोच हवा, फुटबॉल महासंघाकडे 170 अर्ज. एका मोठ्या इंग्रजी पेपरानं बातमी दिली की अर्जदारांत बार्सिलोनाचा झावी आहे, पण तो परवडणार नाही म्हणून त्याला बाजूला ठेवलं. झालं! जगभरच्या पेपरांनी ती उचलली. दोन दिवस गेले नाहीत तोवर महासंघ म्हणाला, झावी आणि ग्वार्डिओला यांच्या नावानं आलेले ईमेल खरे नव्हते. मग 19 वर्षांचा एक विद्यार्थी पुढं आला, म्हणाला झावीच्या नावाचा ईमेल मीच पाठवला होता.

“आमच्या धाकट्यानं रात्रीत झावीला निळा शर्ट घातलेला फोटो करून स्टेटसला लावला होता,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हटलं, लेकरा, ज्या महासंघाला लीग वेळेवर चालू करता येईना, तिथं झावी कशाला येतोय? त्यो म्हणतो, आई, पेपरात आलंय!”

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

“हसताय काय? कोच म्हणजे ह्यांना तमाशाच पाहिजे. सामना नको. स्टिमॅचचं काय केलं आठवा.”

इगोर स्टिमॅच. 1998 च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा बचावपटू, 2019 पासून आपला कोच. वहिनींचा एकेकाळी भलताच लाडका, कारण माणूस चिडायचा. जून 2023 मध्ये बंगळूरला सॅफ स्पर्धेत पाकिस्तानला चार गोल घातले, त्यातले तीन सुनील छेत्रीचे. पण त्या सामन्यात पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घ्यायला निघाला आणि स्टिमॅचनं मधे जाऊन त्याच्या हातातला चेंडू उडवला. लाल कार्ड. सकाळी जिथं तिथं कोच आणि धक्काबुक्की.

“तीन गोल मारणारा खाली, भांडणारा वर,” वहिनी.

“पण चेंडूला हात त्यानंच घातला ना? वर म्हणाला, माझ्या पोरांसाठी पुन्हा करीन. आणि केलं की, कुवेतविरुद्ध दुसरं लाल कार्ड घेतलं.”

“घेतलं. मी काय नाही म्हणतोय? मग पुढं काय झालं ते सांगा.”

पुढं झालं ते असं की स्टिमॅचवर बंदी आली, आणि उपांत्य सामन्यात लेबनॉन व अंतिम सामन्यात कुवेत यांना पेनल्टीवर हरवून भारत जिंकला, तेव्हा मैदानाच्या कडेला उभा होता साहाय्यक कोच महेश गवळी. गोव्याचा, डेम्पोचा जुना बचावपटू.

“आपला गवळी! कप जिंकून दिला. त्याचा एक फोटो मला कुठल्या पेपरात दिसंल तर शप्पथ. मी चार पेपर मागवले त्या दिवशी. सगळीकडं स्टिमॅच बाहेर बसून काय करत होता तेच.”

एवढ्यात दुधाची किटली घेऊन अण्णा आले. अण्णांना फुटबॉलमधलं एवढंच कळतं की गोलकीपर हात लावू शकतो. पण ज्योतिष हा त्यांचा प्रांत.

“तो पत्रिकावाला ना?” ते थांबले. “मानलं बुवा त्याला.”

वहिनींनी पेपराची घडी घातली. आता काही खरं नाही, हे मी ओळखलं.

सप्टेंबर 2023 मध्ये इंडियन एक्स्प्रेसनं बातमी छापली की आदल्या वर्षी, कोलकात्यातल्या आशिया कप पात्रता सामन्यांच्या वेळी, स्टिमॅचनं खेळाडूंची यादी एका ज्योतिष्याला पाठवली होती. कुणाचा दिवस चांगला, कुणाचा नाही, असे शेरे परत आले. अफगाणिस्तानच्या सामन्यात फॉर्मात असलेले दोघे सुरुवातीच्या अकरात दिसले नाहीत. ज्योतिष्याची ओळख तेव्हाच्या सरचिटणीसांनी करून दिली, आणि महासंघानं त्याला 12 ते 15 लाख मोजले, असं त्याच बातमीत होतं.

“पंधरा लाख!” अण्णा किटली खाली ठेवत म्हणाले. “आमचे गुरुजी एकशे एक रुपयात सांगतात, वर नारळ परत देतात. पण जिंकले ना? अफगाणिस्तानला 2-1 हरवलं ना?”

“हरवलं. आणि मार्च 2024 मध्ये त्याच अफगाणिस्ताननं गुवाहाटीत आपल्याला 2-1 हरवलं, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात. तेव्हा तुमचे ग्रह काय चहा प्यायला गेल्ते?”

अण्णा म्हणाले की गोचर बदलतं. वहिनींनी तिकडं लक्ष दिलं नाही.

मला वाटलं होतं की वहिनी स्टिमॅचची बाजू घेतील. बातमी आली त्या दिवशी फुटबॉलवेडी बरीच पोरं तशीच बोलत होती: संघ आशियाई स्पर्धेला निघतोय, आणि पेपरवाल्यांना नेमकं आत्ताच हे सुचलं? (संघ खरंच घाईत गेला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरला आणि यजमानांकडून 5-1 असा मार खाल्ला.) पण बातमी दडवून ठेवायला पाहिजे होती असं मी म्हणणार नाही. एवढ्या वर्षांत आपल्या फुटबॉलवर कुणी मुळापर्यंत जाऊन केलेलं असं काम विरळाच.

“बातमी चांगलीच होती,” वहिनी म्हणाल्या. “पण पुढं काय झालं? कार्टून निघाली. कोचच्या हातात पोपट दिला. पैसे कुणाच्या सहीनं गेले ते किती जणांनी विचारलं? आणि ते दोघं पोरं? बाकावर का बसलो, हे त्यांना वर्षानं पेपरात वाचून कळलं असंल. त्यांच्याशी कुणी बोललं? आमच्या तालमीत पोराला बसवलं तर त्याचा बाप कोचच्या दारात जाऊन उभा राहतोय.”

“स्टिमॅचची चूक नाही म्हणता?”

“आहे की! यादी त्यानंच पाठवली. त्याचा राग मला लई आलाय. पण माझा राग माझा आहे. त्या पोपटवाल्यांनी एक सामना तरी बघितला होता का?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचं सगळं भराभर घडलं. जानेवारी 2024 च्या आशिया कपमध्ये तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. जूनमध्ये कतारविरुद्ध रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून घातलेला गोल पंचांनी दिला, आपण विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो आणि स्टिमॅचची हकालपट्टी झाली. मग त्यानं ऑनलाइन पत्रकार परिषद घेऊन महासंघाच्या अध्यक्षांवर तोफ डागली. ती मात्र पहिल्या पानावर आली. मार्केझचं त्याहून अवघड, कारण तो एकाच वेळी एफसी गोव्याचाही कोच. गोव्याला सुपर कप जिंकून दिला आणि देशासाठी आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध.

“आणि आता खालिद,” मी म्हटलं.

खालिद जमीलचं नाव काढलं की वहिनींचा आवाज खाली येतो. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, मुंबई एफसीचा कोच होता, 2017 मध्ये मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली. 2025 च्या ऑगस्टमध्ये नेमला, आणि सप्टेंबरात ताजिकिस्तानात ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिथल्या स्पर्धेत तिसरा आला. तेव्हा सगळे ‘देशी कोच, देशी कोच’ म्हणून नाचले.

“त्याचा एकच घोटाळा आहे,” मी म्हटलं. “बोलत नाही. पत्रकारानं दहा वाक्यांचा प्रश्न विचारला तरी उत्तर चार शब्दांत.”

“मला तसलाच पाहिजे.”

“तुम्हाला चालेल. त्यांना कॉलम भरायचा असतो.”

“मग सामना बघून भरा म्हणावं! पहिला गोल झाल्यावर मधली फळी एवढी मागं का सरली ते लिहा. सिंगापूरच्या त्या एकट्यानं दोन्ही गोल मारले, त्याला मोकळा कुणी सोडला ते लिहा. त्यासाठी खालिदनं तोंड उघडायला कशाला पाहिजे?”

अण्णांनी किटली उचलली. “त्याची जन्मतारीख आहे का कुणाकडं?”

“अण्णा, जावा घरी. दूध नासंल.”

पुढचा सामना 18 नोव्हेंबरला, ढाक्यात, बांगलादेशशी होता. आता त्याला काही अर्थ उरला नाही, असं मी म्हणून बघितलं.

“नसू दे,” वहिनी म्हणाल्या. “पेपरवाल्यांना अर्थ नसंल. आम्ही बघणार. तुम्हीबी या, पण चहा घरनं पिऊन या, मी मधनं उठत नाही.”