अपडेटचं गुऱ्हाळ

(वढू बुद्रुक. फाल्गुन अमावस्या तोंडावर आली आहे; शंभूराजांच्या समाधीला गर्दी लोटणार. रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतोय. बाजेवर लॅपटॉप.)

गुऱ्हाळवाले : पोरा, नाशिकचं गिऱ्हाईक म्हणतंय, गुगलवर आमचं नाव टाकलं की जपानी बुटं येत्यात. मला तर ढेप दिसती, काकवी दिसती.

संगणकवाला : तुम्हाला काकवीच दिसणार, अण्णा. साइटमध्ये घुसलेला माणूस मालकाला खरं पान दाखवतो आणि गुगलला बुटांचं. मालकाला कळलं तर त्याचा धंदा बसेल ना!

गुऱ्हाळवाले : आरं, पण माझ्यावरच डोळा का?

संगणकवाला : तुमचं नावही माहीत नसेल त्याला. जगातल्या शंभरातल्या चाळीसहून जास्त साइट वर्डप्रेसवर आहेत, तुमचीही. एका प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या भागात, भोक सापडलं की चोर एक प्रोग्राम मोकळा सोडतात. तो साइटमागून साइट तेच भोक चाचपत फिरतो. अण्णा, हा लाल गोळा कधीपासून आहे?

गुऱ्हाळवाले : (खुशीत) २३ झाले व्हय? लाइक हायत ते. पयल्या वर्षी चारच हुते.

संगणकवाला : राहिलेली अपडेट आहेत ती.

गुऱ्हाळवाले : (आवाज पडतो) पाव्हण्यांना दाखवत हुतो की मी.

संगणकवाला : आणि हे प्लगइन? ‘पडद्यावर बर्फ पाडा’?

गुऱ्हाळवाले : नातवानं नाताळात टाकलं. बंद केलंय.

संगणकवाला : बंद केलं तरी फाइली सर्व्हरवर राहतात, भोकासकट. वापरत नसाल तर डिलीटच करायचं. हे दुसरं, ‘उद्घाटनाला उरले दिवस : ०’.

गुऱ्हाळवाले : ते ऱ्हाऊ दे. आमदार आलं हुतं. आन चालतंय ते चालू द्यावं. हात कशाला लावायचा?

संगणकवाला : सुरक्षेचं अपडेट आलं म्हणजे भोक कुठं होतं हे जगजाहीर झालं. तुम्ही ते वाचत नाही, चोर वाचतो. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं तेच झालं. दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती, एका ठिकाणी लावायची राहिली. मे महिन्यात चोर आत. १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

गुऱ्हाळवाले : मग दाब की समदी बटणं!

संगणकवाला : थांबा! त्याच २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ नावाचं प्लगइन विकलं गेलं. नव्या मालकानं अपडेटमधूनच चोरवाट घातली. जवळपास दोन लाख साइटवर होतं ते.

गुऱ्हाळवाले : म्हंजी सातबाऱ्यावरचं नाव बदललं आन आपल्याला पत्त्या न्हाई! आता करायचं का न्हाई, ते एकदा ठरीव लेका.

संगणकवाला : करायचंच. पण आधी बॅकअप.

गुऱ्हाळवाले : हाय की. साइटच्याच फोल्डरात ठिवलाय.

संगणकवाला : साइट गेली की तोही गेला. बॅकअप दुसरीकडे हवा. मग वेगळ्या प्रतीवर अपडेट करून ऑर्डरचा फॉर्म चालतो का बघायचं, आणि मग खऱ्या साइटवर. २०२० पासून वर्डप्रेसमध्ये प्लगइनचं अपडेट आपोआप लावायची सोय आहे, भरवशाच्या प्लगइनला ती चालू ठेवू. पण आधी साफसफाई. नुसत्या अपडेटनं आत बसलेला चोर बाहेर जात नाही. पासवर्ड सांगा, बदलतो.

गुऱ्हाळवाले : (इकडंतिकडं बघून, हळूच) गूळ एक दोन तीन.

(चुलवाणापाशी गुळव्या मान हलवतो : “मला म्हाईत हाय.”)

संगणकवाला : इथून पुढं ठरलेल्या दिवशी बघत जा.

गुऱ्हाळवाले : एकादशीला बघू. पंधरा दिवसांनी येती, ध्यानात ऱ्हाती.

संगणकवाला : चालेल. पण मधेच सुरक्षेचं अपडेट आलं, तर एकादशीची वाट बघायची नाही. नियम तिथल्या तिथं मोडायचा.

गुऱ्हाळवाले : त्याचा घोर नको. एकादशी मोडायला आमच्या घरात कुणाला सांगावं लागत न्हाई!