सादिलवार खर्च : नाताळ

रेडिंग, 27 डिसेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,


बाबा, तुमचा निरोप आईकडून पोचला : "नाताळात काय उधळलंत ते आकड्यांत कळवा. 'ठीक चाललंय' हा आकडा नव्हे." जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून तुम्ही निवृत्त झालात, तुमचं लेखापरीक्षण काही झालं नाही. तर घ्या. हाताने लिहितोय, कारण टाइप केलेल्या हिशेबाला तुम्ही पुरावा मानत नाही. पानांचे फोटो मात्र व्हॉट्सॲपवरच टाकणार आहे. इथल्या टपालाचे दर पुढे येतील, तेव्हा कारण कळेल.

आई, "सुट्टी आहे तर या की इकडे" याचं उत्तर आधी देतो. शाळेला नाताळची सुट्टी लागली की विमानकंपन्यांना ती आपल्याआधी कळलेली असते. आठवडाभर आधी निघावं तर शाळा बुडते, आणि शाळा बुडवली की इथे दंड होतो. गेल्या ऑगस्टपासून नवा दर आहे : विनापरवानगी पाच दिवस गैरहजेरी झाली की प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड, 21 दिवसांत भरले नाहीत तर 160. दोन मुलं, दोन पालक, म्हणजे 320. तुमच्या सुनेने कागदावर मांडून दाखवलं की दंड भरूनही आधीची तिकिटं स्वस्त पडतात. पण जिच्या वडिलांनी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, तिच्याने ते करवेना. तेव्हा सर्वांत मोठा खर्च झालाच नाही, तो जमेच्या बाजूला धरावा ही विनंती.

इथल्या डिसेंबरची एक गोम आहे. बऱ्याच कंपन्या या महिन्याचा पगार नाताळाआधीच देऊन टाकतात. आमचा 20 तारखेला झाला. सगळे खूश. पुढचा पगार 31 जानेवारीला. म्हणजे महिना सहा आठवड्यांचा, आणि त्यातला पहिला आठवडा सणाचा. जानेवारी लागला की इथली माणसं दारू सोडतात, गोड सोडतात, पायी चालायला लागतात. त्यात निग्रह किती आणि पगाराची तारीख किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून सुनेने नोव्हेंबरातच अंदाजपत्रक मांडलं. एकूण 200 पौंड. लेखाशीर्षं चार : भेटी, शाळा, जेवण आणि सादिलवार. बाबा, लगेच 107 ने गुणू नका. गुणलं की आम्ही उधळे ठरतो, आणि हाच आकडा इथल्या शेजाऱ्यांना सांगितला तर चिक्कू ठरतो.

सगळ्यात दगाबाज शीर्ष भेटींचं. बाकीचा खर्च आपण करतो. हा समोरचा करतो आणि फेडावा आपल्याला लागतो. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक नाव येतं, त्याला गुपचूप भेट द्यायची, मर्यादा 10 पौंड. दहा पौंडांत कोणाला हवी अशी वस्तू मिळत नाही, नको असलेल्या शेकडो मिळतात. त्यांत पहिला मान सुगंधी मेणबत्तीचा. वीज जात नाही त्या देशात मेणबत्त्यांचा एवढा खप का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आई, इथे तुझं शास्त्र कामी आलं. तुझ्या कपाटात ब्लाउजपीसांचा गठ्ठा असतो, प्रत्येकाला कोणाकडून आला ती चिठ्ठी टाचलेली, म्हणजे फिरून त्याच घरी जायला नको. तुझ्या सुनेने जिन्याखालचा एक खण त्याच पद्धतीने लावलाय. "ऑफिस, 2022", "पोरीच्या मैत्रिणीची आई", "दात काढला तेव्हा". यंदा लव्हेंडरची एक मेणबत्ती रिबीन बदलून आमच्याकडे आली. डब्याच्या बुडाला सुनेची पेन्सिलची खूण होती. गेल्या वर्षी ती आमच्याकडूनच निघाली होती, आणि आणणारं घर तिसरंच होतं. म्हणजे हे शास्त्र जाणणाऱ्या बायका रेडिंगमध्येही आहेत. सुनेला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

शेजारच्या आजीबाईंशी तिने सरळ बोलणी केली. आपल्या लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापतात, त्याच धर्तीवर "यंदा भेटी नकोत" असं ठरलं. आजीबाई म्हणाल्या, फार छान, मलाही हेच हवं होतं. आणि दोन दिवसांनी पिशवी घेऊन हजर : "ही भेट नाही हं, उगाच आपलं काहीतरी." आहेर न आणण्याची पद्धत जगभर एकच दिसते.

फेड म्हणून घरी चिवडा केला. पातळ पोह्यांचा, तू करतेस तसा. स्वस्त, हाताने केलेला, आणि खणातून काढलेला नाही हे बघताक्षणी कळणारा. पण इथे खाण्याची वस्तू देताना ॲलर्जीचा विचार आधी करावा लागतो. कायद्यात 14 पदार्थांची यादी आहे, दुकानदाराला ते आहेत की नाहीत हे सांगावंच लागतं. घरगुती भेटीला सक्ती नाही, पण सुनेचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ती यादी घेऊन बसली. शेंगदाणे, आहेत. काजू, आहेत. तीळ, आहेत. मोहरी, आहे. गहू नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकला, तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ. चौदांपैकी पाच! आपला साधा चिवडा हे एवढं जोखमीचं प्रकरण आहे, याची मला कल्पना नव्हती. बरणीवरचं लेबल वाचून आमच्या एका सहकाऱ्याने ती दोन हातांनी, अंतर राखून धरली.

आता टपाल. इथे नाताळची कार्डं पाठवतात, आणि पहिल्या वर्गाचं एक तिकीट 1 पौंड 65 पेन्स, दुसऱ्या वर्गाचं 85 पेन्स. तुमच्या पाच रुपयांच्या पाकिटाशी तुलना करून जीव जाळू नका. ही प्रथा सुरू केली हेन्री कोल नावाच्या लंडनच्या गृहस्थाने, 1843 साली. त्याच्याकडे इतकी पत्रं यायची की उत्तरं लिहायला सवड होईना, म्हणून त्याने एका चित्रकाराकडून कार्ड काढून घेतलं आणि छापून सगळ्यांना तेच धाडलं. उरलेली कार्डं एकेक शिलिंगला विकली. आळशी होता, पण हिशेबी. त्याच्या काळी पत्र एका पेनीत देशात कुठेही जात असे. आम्ही कार्डं चालत जाऊन दारात टाकली. तिकीट शून्य, बुटाची झीज सादिलवारमध्ये.

शाळेचं शीर्ष डिसेंबरात रोज एका चिठ्ठीने उघडतं. एक दिवस नाताळचा स्वेटर घालून यायचं आणि लहान मुलांच्या मदतनिधीला पैसे द्यायचे. निधीला दिले, स्वेटर घेतला नाही. आई, तुझ्या जुन्या पैठणीचा काठ सुनेने जपून ठेवला होता, तो पोरीच्या शाळेच्याच स्वेटरला टाचला. बाकीच्यांच्या स्वेटरवर हरणं होती, हिच्या स्वेटरवर मोर. कोणी हरकत घेतली नाही.

चिरंजीवांना येशूजन्माच्या नाटकात मेंढपाळाचं काम मिळालं. वाक्य एकच, तेही सगळ्यांनी मिळून म्हणायचं. इथे मेंढपाळ म्हणजे डोक्याला भांडी पुसायचा टॉवेल आणि कमरेला दोरी, किंवा मग दुकानातून तयार पोशाख. सुनेने माळ्यावरून बाबांनी दिलेली घोंगडी काढली. माणदेशातल्या खऱ्या धनगराकडून विणून घेतलेली! बाईंनी तिचं फार कौतुक केलं. मुलगा खरा मेंढपाळ दिसत होता यात वाद नाही, पण घोंगडी टोचते. देवदूत आकाशवाणी करत होता तेवढा वेळ हा पाठ खाजवत होता, आणि त्याचं बघून शेजारचं मेंढरूही खाजवायला लागलं. खर्च शून्य.

जेवणाचं शीर्ष मात्र खोल आहे. नाताळच्या आठवड्यात इथल्या मोठ्या दुकानांत भाजीवरून चढाओढ लागते. गाजर, पार्सनिप, बटाटे आणि ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे आवळ्याएवढे कोबी. यंदा पिशवी 15 पेन्सांना, काही ठिकाणी त्याहूनही खाली. शेतकऱ्याला यात काय मिळतं म्हणून विचाराल, तर तोटा दुकान स्वतः सोसतं असं सांगतात. तुम्ही गाजरासाठी आत शिरलात की बाहेर पडताना गाडीत गाजर सोडून बाकीचं किती असतं, हे त्यांना ठाऊक असतं. सुनेलाही ठाऊक आहे. ती पिशवीभर गाजरं तेवढी घेऊन ताठ मानेने बाहेर आली. आणि घरी येऊन म्हणाली, हलवा करू या. बाबा, गाजरं पंधरा पेन्सांची, पण दूध, साखर, काजू, तूप आणि दोन तास शेगडी! दुकान जिंकलं, दोन दिवस उशिरा.

कोबीला हरभऱ्याची डाळ आणि मोहरीची फोडणी दिली. इंग्रज लोक ते कोबी नुसते उकडतात आणि मग वर्षभर मुलांना आवडत नाहीत म्हणून तक्रार करतात.

24 तारखेची संध्याकाळ तुम्ही बघायला हवी होती. 2004 च्या कायद्याप्रमाणे 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान 25 डिसेंबरला उघडताच येत नाही. तेव्हा नाशवंत माल आदल्या संध्याकाळी निघायलाच हवा. एक पोरगा हातात यंत्र घेऊन येतो आणि पिवळी चिठ्ठी डकवत जातो : अर्धी किंमत, मग पाव. त्याच्यामागे चाळीसेक माणसं, सगळी पावाकडे बघत असल्याचं भासवत. कोणी धक्का देत नाही. प्रत्येक जण "सॉरी" म्हणत अर्धं पाऊल पुढे सरकतो. आपल्याकडे एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात, त्यात निदान प्रामाणिकपणा असतो. सुनेने तिथे एक म्हातारा हेरला, तो हलेल तेव्हाच हलायचं ठरवलं. तो अनुभवी होता. अर्ध्या किमतीला त्याने मानही वळवली नाही. पाव किंमत झाली तेव्हा दोघांचे हात एकाच वेळी गेले. एक कोंबडी, मलईची दोन भांडी आणि पाव एवढा ऐवज आला. टर्की आणली नाही. एवढा पक्षी चौघांना चार दिवस पुरतो आणि भट्टी तासन्‌तास तापते.

भट्टी म्हटलं की मीटर आलं. विजेचा-गॅसचा खर्च दाखवणारी एक छोटी पाटी स्वयंपाकघरात असते. कमी वापर असला की हिरवा दिवा, जास्त झाला की लाल. सुनेने ती देव्हाऱ्याच्या बाजूलाच ठेवली आहे आणि दर्शन दोन्हींचं एकदमच होतं. 1 जानेवारीपासून सरकारी नियामक दराची कमाल मर्यादा 1.2 टक्क्यांनी वाढवतोय; सरासरी घराला वर्षाचे 1738 पौंड धरलेत. त्यामुळे कोंबडीचा रस्सा कुकरमध्ये झाला, आणि आम्ही जेवायला स्वेटर, मोजे आणि पोरांनी फटाक्यातून काढलेले कागदी मुकुट घालून बसलो. फटाका म्हणजे आवाजापुरता. दोघांनी दोन टोकं ओढायची. आत मुकुट, एक रद्दी विनोद आणि एखादी चिमुकली वस्तू. मला चष्म्याच्या स्क्रूचा पेचकस मिळाला. बाबा, तो तुमच्यासाठी ठेवलाय.

प्रत्यक्ष 25 तारीख हा इंग्लंडातला सगळ्यात स्वस्त दिवस. आगगाडी नाही, बस जवळजवळ नाही, मोठं दुकान नाही. खर्च करायचा म्हटला तरी करणार कुठे? दुपारी तीनला राजेसाहेबांचं भाषण ऐकलं, तेही फुकट. ही प्रथा 1932 ची, आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षीचं. राजा वेळेवर सुरू करतो एवढाच फरक. नंतर थेम्सच्या काठाने फिरून आलो.

काल सेल लागला. सुनेने पुढच्या वर्षीची कार्डं आणि वेष्टनाचा कागद निम्म्या किमतीत घेतला. हा खर्च 2025 च्या अंदाजपत्रकात टाकायचा की यंदाच्या, यावर आमचा वाद चालू आहे. तुमचा लेखी अभिप्राय हवा.

एकूण खर्च 188 पौंड 60 पेन्स. शिल्लक 11 पौंड 40 पेन्स. खर्चापैकी 1 पौंड 40 पेन्सांची पावती सापडत नाही, आक्षेप मान्य आहे.

मुलांचा दोघांनाही नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. एवढं लिहून होतंय तोवर दार वाजलं. शेजारच्या आजीबाई. चिवड्याची बरणी परत द्यायला आल्या होत्या, धुऊन-पुसून, आणि रिकामी नको म्हणून आत फळांचा केक. शिवाय बरणीत मावला नाही तो त्यांच्या स्वतःच्या पत्र्याच्या डब्यात. आता तो डबा आपल्याकडे राहिलाय. आई, रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तूच शिकवलंस. सून आतून विचारतेय, रवा किती उरलाय, आणि तुझ्या बेसनाच्या लाडवाला तूप कमी चालेल का?