छायाचित्रांची खतावणी

इंदूर शहरात बडा गणपतीच्या सावलीत ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याला आपला पत्ता सांगण्याची तसदी आयुष्यात फारशी घ्यावी लागत नाही. स्टेशनावर उतरून 'बडा गणपती' हे दोन शब्द उच्चारले की रिक्षावाला पुढचे काही विचारीत नाही. भाड्याच्या बाबतीत जे सांगायचे ते मात्र तो आपण होऊनच सांगतो. पंचवीस फूट उंचीची, नखशिखांत शेंदराने माखलेली ती बैठी मूर्ती मी जन्मापासून पाहत आलो आहे. तिच्या पोटात विटा आणि चुन्याबरोबर गूळ आणि मेथीही आहे, शिवाय सात मोक्षपुऱ्यांची माती आहे, ही माहिती आजीने मला शाळेत घालण्याच्या आधीच दिली होती. वर्षातून चार वेळा देवाला शेंदराचा चोळा चढतो आणि अंगाचा विस्तार लक्षात घेता त्या एका कामात पंधरवडा लोटतो, असे जाणते लोक सांगतात. सारांश, सावकाशीने सिद्धीस जाणाऱ्या कार्यांची आमच्या मोहल्ल्याला सवय आहे. त्यामुळे एक कॅमेरा पसंत करण्यास मला चौदा महिने लागले याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना मुळीच नवल वाटले नाही. नवल वाटले ते, अखेर तो घेतला गेला, याचे.

कॅमेऱ्याची वासना आमच्या घरात वडिलोपार्जित आहे. माझ्या वडिलांपाशी, म्हणजे नानांपाशी, बडोद्यास तयार झालेला आग्फा क्लिक थ्री होता. ऊन की ढग, एवढा एकच प्रश्न तो मालकाला विचारीत असे, आणि उत्तर चुकले तरी मनात अढी धरीत नसे. एका रोलवर चौरस आकाराची बारा चित्रे निघत, आणि नाना ती बारा चित्रे दीड-दोन वर्षे पुरवीत. त्यामुळे आमच्या घरच्या एकाच रोलवर एक दिवाळी, आत्याचे लग्न, माझी मुंज आणि दुसरी दिवाळी अशी क्रमवार निघालेली आहे, आणि मुंजीच्या चित्रात मी रडतो आहे तो वेदनेने नव्हे, तर 'हलू नकोस, मुंजीच्या वाट्याला एकच आहे,' या नानांच्या गर्जनेने.

तर अशा घराण्यातल्या माणसाने सेवानिवृत्तीला चार वर्षे उरली असता, २०१० साली, डिजिटल एसएलआर घेण्याचा संकल्प सोडला. या यंत्राचे मर्म एका लहानशा आरशात आहे. भिंगातून आत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या उभ्या केलेल्या आरशावर पडतो, तेथून वरच्या पंचकोनी लोलकात शिरून दोनचार वळणे घेतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. कळ दाबली की आरसा क्षणभर वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश थेट संवेदकावर जाऊन पडतो. म्हणजे भिंगाला जे दिसते तेच आपल्याला दिसते, मध्ये अंदाजपंचे काही नाही. इतवारिया बाजारातल्या काच मंदिरात आरशांची गणती नाही आणि त्यांतल्या एकाही आरशात मला माझे तोंड धडपणे सापडलेले नाही. इकडे नखाएवढ्या एका आरशावर जपानी माणसाने एवढा सत्याचा कारभार उभा केला, हे वाचून मी भारावून गेलो. आणि भारावलेल्या अवस्थेतच मी घरच्या फडणिशीत दरखास्त दाखल केली.

आमच्या घरची फडणिशी सौभाग्यवतींकडे आहे. त्यांचे माहेर देवासचे. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये, दोन दरबार आणि दोन खजिने जेथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदले, तेथल्या कन्येला एका बाबीची रक्कम दुसऱ्या बाबीत मिसळू न देण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. दर दिवाळीला लाल कापडाची वही आणून तिच्यावर त्या स्वहस्ते स्वस्तिक काढतात. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, आणि मी मागच्या दाराने आणलेली कचोरीही कोणत्या ना कोणत्या खात्यावर नावे पडल्याशिवाय राहत नाही.

दरखास्तीच्या समर्थनार्थ मी इतिहासाला पाचारण केले. मी म्हणालो, की भारतातल्या थोर छायाचित्रकारांत ज्यांची गणना होते ते लाला दीनदयाळ मूळचे रुडकीस शिकलेले इंजिनिअर, आणि याच इंदुरात बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रके करणारे नोकरदार. १८७४ साली त्यांनी येथेच कॅमेरा हाती घेतला आणि पुढे निजामाच्या दरबारी 'राजा मुसव्विर जंग' झाले. मीही कचेरीत अंदाजपत्रकेच करतो, हे सांगण्याची आवश्यकता मला वाटली नाही. ते आपोआप ध्वनित व्हावे अशी माझी अपेक्षा होती.

"अहो," सौभाग्यवती चष्मा पुसत म्हणाल्या, "त्यांच्या पाठीशी तुकोजीराव महाराज होते. तुमच्या पाठीशी कोण आहे? मी. आणि माझी शिल्लक ही अशी आहे." असे म्हणून त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "शिवाय त्यांनी पुढे नोकरी सोडली. तुम्ही सोडणार आहात का?"

होळकरांच्या इतिहासाचा दाखला अशा रीतीने माझ्यावरच उलटल्यानंतर यशवंतराव महाराजांची छायाचित्रे खुद्द मॅन रे याने काढली होती, हा माझा दुसरा मुद्दा मी गिळून टाकला. अखेर पाच महिन्यांच्या वाटाघाटींनंतर गच्ची दुरुस्तीच्या बाबीतून तीस हजार रुपयांची तरतूद मंजूर झाली. अट एकच होती: रक्कम वाढणार नाही, आणि गच्ची गळाल्यास बादली मी धरायची.

तीस हजार ही रक्कम मोठी चमत्कारिक आहे, हे बाजारात उतरल्यावर कळते. दहा हजार असते तर खिशातला लहान कॅमेरा घेऊन माणूस सुखाने घरी जातो. लाख असते तर दुकानदारच सगळे ठरवतो. तीस हजारवाल्याला मात्र स्वतःची बुद्धी वापरावी लागते, आणि तेथेच सर्व अनर्थाचे मूळ आहे. पुण्यास असलेला माझा पुतण्या दूरध्वनीवरून बजावत होता, "काका, बॉडीवर पैसे घालू नका, भिंगावर घाला. बॉडी चार वर्षांत जुनी होते, भिंग तुमच्या नातवाला चालेल." मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलू नका, असेही त्याने सांगितले, बारा मेगापिक्सेलमधून चौदा इंच लांबीचे उत्तम चित्र छापून निघते, आणि कालनिर्णयाला धक्का न लावता चौदा इंच मोकळी मिळेल अशी भिंत आमच्या घरात नाही.

जेल रोडवरच्या एका दुकानात मी किती वेळा गेलो याची नोंद रोजकीर्दीत रिक्षाभाड्याच्या रूपाने सुरक्षित आहे. दुकानदार सज्जन होता. "देखो भिया," तो प्रत्येक वेळी नव्या उत्साहाने सुरू करी, आणि काउंटरवर निकॉनचा डी ३१०० आणि कॅननचा ११०० डी असे दोन उपवर शेजारी शेजारी मांडून ठेवी. दोहोंबरोबर १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग. मी दोन्ही हातांत घेऊन पाही, दोन्ही डोळ्याला लावी, दोन्हींतून समोरच्या मोबाइलवाल्याचे दुकान सारखेच दिसे, आणि 'विचार करून सांगतो' असे म्हणून मी परत येई. सातव्या खेपेला त्याने मला चहा दिला. दहाव्या खेपेला दिला नाही.

माझी खरी अडचण अशी होती, की मला दोन गणपती साधायचे होते. एक आमचा बडा गणपती, दिवसाउजेडी, सबंध. आणि दुसरा अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा. त्या रात्री इंदुरातल्या गिरण्यांच्या झांक्या निघतात, आणि ज्याने त्या पाहिल्या नाहीत त्याने इंदूर पाहिले नाही असे मी बेधडक म्हणेन. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस त्या मानाने गौण आहे. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. भोंगा थांबला, देणी कोर्टात अडकली, पण कामगारांनी वर्गणी गोळा करून झांकी काढणे सोडले नाही. हजारो दिव्यांनी लखलखणारा, हलत्या पुतळ्यांचा तो देखावा दर वर्षी पहाटेपर्यंत रस्त्यांतून सरकत असतो. ज्या कारखान्यात स्वतःला काम नाही त्याच्या नावाचा रथ रात्रभर ओढणारी ती माणसे, त्यांच्या चेहऱ्यांवर खालून पडलेला तो रंगीत उजेड, हे चित्र मला हवे होते. आणि रात्रीच्या चालत्या चित्राला मोठ्या छिद्राचे भिंग लागते. सोबत मिळणारे भिंग ५५ मिलिमीटरवर एफ ५.६ पर्यंत उघडते. तेच ५० मिलिमीटरचे साधे, न झूम होणारे एफ १.८ चे भिंग जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. दहापट! पगारवाढ सोडली तर कोणत्याही बाबतीत दहापटीचा मोह मला आवरलेला नाही.

पण येथे शास्त्राने एक नवी खोच मारून ठेवली होती. निकॉनच्या त्या भिंगाचा जो जुना, स्वस्त प्रकार आहे त्याच्या पोटात मोटार नाही; आणि डी ३१०० च्या पोटातही मोटार नाही. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसणार, आणि फोकस हाताने फिरवावा लागणार. मोटारवाले भिंग घ्यावे तर ते महाग. मोटारवाली बॉडी घ्यावी, म्हणजे डी ९०, तर ती त्याहून महाग. हे सर्व मी घरी समजावून सांगितले तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे स्वस्त भिंग परवडावे म्हणून महाग कॅमेरा घ्यायचा. बरोबर?" इतक्या थोडक्या शब्दांत आधुनिक छायाचित्रणकलेचे अर्थशास्त्र दुसऱ्या कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

शेवटी दुकानदारानेच, बहुधा माझ्या खेपांना कंटाळून, आतल्या कपाटातून एक वापरलेला डी ९० बाहेर काढला. सोबत तेच जुने ५० चे भिंग. "शादी-वादी में नहीं चला है, डॉक्टर साब का है," असे म्हणून त्याने त्याची कुंडली मांडली. मोटारगाडीचे जसे किलोमीटर, तसे या यंत्राचे शटर काउंट. पडदा किती वेळा उघडला त्याचा आकडा. एक लाख उघडझापींच्या कसोटीला उतरलेला हा पडदा तोवर १८,२०० वेळा उघडलेला होता. मी भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे काय ते पाहिले, कारण माळव्याचा पाऊस भिंगालाही सोडीत नाही. डॉक्टरसाहेबांनी यंत्र जपले होते. पिशवी आणि मेमरी कार्ड धरून एकूण २९,४०० रुपये. सहाशे रुपये मी खजिन्यात परत भरले. त्याची रीतसर पावती मिळाली.

अनंत चतुर्दशीला दोनच दिवस होते. त्या रात्री राजवाड्यापाशी, दहापट प्रकाशाच्या भरवशावर, मी सबंध रात्रीत एकच चित्र काढले. एकदा नानांचा मुलगा झालेला मनुष्य गर्दीत कळ सहज दाबू शकत नाही. दुसऱ्या दिवशी वहीत नवे खाते उघडलेले दिसले: 'छायाचित्रे. एक नग. दर रुपये २९,४००.'

येथून आमच्या संसारात जी परिस्थिती निर्माण झाली तिचे वर्णन मी कोठल्याही ग्रंथात वाचलेले नाही. सौभाग्यवतींच्या शास्त्राप्रमाणे जितकी चित्रे अधिक तितका दर नगास खर्च कमी. माझ्या शास्त्राप्रमाणे जितकी चित्रे अधिक तितका पडद्याचा काळ जवळ. त्या रोज संध्याकाळी दारातच विचारीत, "आज किती?" आणि मी, जो चौदा महिने या यंत्रासाठी झुरलो, तो चोरासारखा 'दोन' असे म्हणे. मग त्या स्वतः कामे नेमून देऊ लागल्या. वाळत घातलेल्या पापडांची चित्रे निघाली. गॅसच्या टाकीवरच्या आकड्यांची निघाली. भाजीवाल्याच्या तराजूची, त्याच्या संशयी मुद्रेसह, निघाली. बिघडलेले चित्र पुसून टाकले तर तो नग जमेस धरावा की नाही, यावर आमचा दोन दिवस अबोला होता. पडद्याच्या हिशेबी तो उघडला तो उघडलाच, हे मान्य करून मी शरण गेलो. दिवाळीपर्यंत १,४७० नग झाले आणि दर बरोबर वीस रुपयांवर आला. "वीस रुपयांत दोघांचे पोहे-जलेबी होते," एवढाच शेरा मिळाला. उरलेल्या ८१,८०० उघडझापी पुऱ्या वसूल केल्या तर नगास छत्तीस पैसे पडतील, हे गणित त्यांनी समासात करून ठेवलेले मी पाहिले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिवाळ्यात देवाला नवा चोळा चढला. शेंदूर ओला असल्यासारखा झळकत होता. सौभाग्यवतींच्या हातात फुलांची पुडी, माझ्या गळ्यात कॅमेरा, असे आम्ही सकाळी मंदिरात गेलो. आणि डोळा यंत्राला लावताच मला देवाची केवळ सोंड दिसली. एक पाऊल मागे सरलो. सोंड आणि अर्धे पोट. मी तेथल्या तेथे मनाशी त्रैराशिक मांडले. कॅमेरा उभा धरला तर पंचवीस फुटांचा देव १८ मिलिमीटरच्या भिंगात वीस फुटांवरून मावतो. ५० च्या भिंगाला मात्र पंचावन्न फूट मागे सरावे लागते. झांकीसाठी मी १८ चे भिंग सोडले होते. पंचावन्न फूट मागे सरायचे म्हणजे सभामंडप सोडून, पायऱ्या उतरून, थेट रस्त्यात. तोही प्रयत्न मी केला. एका मॅजिक गाडीवाल्याने कर्कश हॉर्न वाजवून "अंकल, दर्शन अंदर से करो!" असा उपदेश केला, आणि मध्ये आलेल्या सिटी बसचे, तिच्यावरील कोचिंग क्लासच्या जाहिरातीसह, अत्यंत रेखीव चित्र निघाले.

"गूळ-मेथीवर हा शंभरावर वर्षे बसला आहे," सौभाग्यवती देवाकडे पाहत म्हणाल्या, "आणि तुमच्या तीस हजारांत मावत नाही."

मी पुन्हा आत आलो. कॅमेरा आडवा धरला. आधी मुकुट आणि कान घेतले, मग सोंड आणि पोट, मग गुडघे टेकून पाय आणि मूषक. तिन्ही चित्रे स्वच्छ, शेंदराचा रंग जिवंत. मागे वळलो तो सौभाग्यवतींनी पर्समधून छोटी टाचणवही काढलेली होती.

"तीन लिहू," त्या म्हणाल्या, "की एक?"