पॉलिशचे जामदार

गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडणुकीने येतात; पॉलिशचा जामदार मात्र स्वयंभू असतो. वयाने साठीपलीकडचा, वृत्तीने काटेकोर, एखाद्या सरकारी खात्यातून निष्कलंक सेवापुस्तक घेऊन निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी वाहनतळावर उतरतो तो मोटार बाहेर काढण्यासाठी नव्हे, तर तिच्यावरील आच्छादन दूर करून, पत्र्याची पाहणी करून, ते पूर्ववत घालण्यासाठी. आणि या पाहणीत एखादा डाग आढळलाच, तर त्याच्या बंदोबस्तास लागणारे साहित्य वर तिसऱ्या मजल्यावर, शयनगृहातील पोलादी कपाटात, जेथे पूर्वी सौभाग्यवतींच्या पैठण्या असत त्या खणात, कुलपाखाली असते.

पैठण्यांची ही बदली निष्कारण झालेली नाही, हे जामदारांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पॉलिश डिकीत ठेवणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा आहे, आणि तो सशास्त्र आहे: द्रवरूप पॉलिश हा तेल आणि पाणी यांच्यात मोठ्या मिनतवारीने घडवून आणलेला तह असून त्यात घासण्याची अतिसूक्ष्म पूड मिसळलेली असते, वैशाखात डिकी तापली की तह मोडतो, तेल वर येते, पूड तळ गाठते, आणि बाटली हलवूनही गुठळ्या विरल्या नाहीत तर ज्याने ओरखडे घालवायचे तेच ओरखडे काढू लागते. डब्यातल्या मेणाची प्रकृती निराळी. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण 80 अंश सेल्सिअसच्या वर वितळते आणि सहसा नासत नाही. परागंदा होतो तो त्याला मऊ राखणारा द्रावक, आणि मग सैल झाकणाखालचे मेण कडेपासून सुटून आटलेल्या तळ्यासारखे भेगाळते. म्हणून झाकणे घट्ट, बाटल्या उभ्या, खण कोरडा. कारखानदार उत्पादनाचा महिना छापतो पण मुदत पुष्कळदा छापत नाही, ती उणीव जामदारांची वही भरून काढते. या वहीत एकाच डब्याला सूट आहे. तो प्रीमियर पद्मिनीसाठी घेतलेला. त्या काळी पॉलिश करताना मोटारीचा रंगच फडक्यावर उतरे व मालकास काम झाल्याचे समाधान मिळे. आता रंगावर पारदर्शक थर आल्याने ते सुखही गेले. पद्मिनी मोडीत निघाली, मेण दगड झाले. परंतु "वास शाबूत आहे," एवढ्या दाखल्यावर डब्याचे वतन कायम आहे.

एखादा तरुण भाडेकरू थोडे पॉलिश मागावयास आला, तर त्याचा अर्ज कधीही फेटाळला जात नाही. त्याची फक्त चौकशी होते.

"गाडी धुतलीस? सावलीत आहे? पत्रा हाताला गार लागतो?"

"हो काका. एकच ओरखडा आहे."

"नख अडकतं का त्यात?"

"अडकतं थोडं."

"मग पॉलिशचा उपयोग नाही, बाळ. रंगाऱ्याकडे जा."

सल्ला शंभर टक्के बरोबर असतो, प्रकरण निकाली निघते आणि साठ्यातला थेंबही खर्ची पडत नाही. यास कोणी कंजुषी म्हणेल, परंतु मला ते मान्य नाही. कंजूष मनुष्य एवढ्या महागाच्या बाटल्या विकतच घेणार नाही. यांना खर्चाचे वावडे नाही, शिल्लक कमी होण्याचे आहे.

खरी कसोटी गेल्या वर्षी सिरॅमिक लेपाच्या चिमुकल्या बाटलीने पाहिली. हवेतल्या बाष्पाशी संयोग होऊन काचेसारखा कठीण होणे हाच या द्रव्याचा धर्म. त्यामुळे सील फुटल्यावर ते थोड्या काळात वापरून टाकावे लागते. जामदारांनी ती दसऱ्यासाठी राखली होती, पण ऐन श्रावणात, केवळ अंतःस्थ परिस्थितीची खातरजमा करण्यासाठी, सील तोडले. दसऱ्याला झेंडूचे तोरण बांधून झाले, सौभाग्यवतींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढू नये यावरून व्हायचा तो वाद झाला, आणि समारंभपूर्वक उलटी केलेली बाटली खाली काही देईना. खिळा घालून पाहिला, खिळा वाकला. मग रीतसर पंचनामा झाला, वहीत 'निरुपयोगी, तथापि जतन करावी' असा शेरा पडला, बाटली पद्मिनीच्या डब्याशेजारी विसावली. आणि त्याच संध्याकाळी सवलत चालू असल्याने दोन नव्या मागवण्यात आल्या, पैकी एक राखीव.