पिंट्या आणि एकशे अठ्ठावीस बिट

आमच्या मजल्यावरचा पिंट्या आता चौतीस वर्षांचा आहे. बँकेत कर्जाच्या फायली तपासतो, त्यामुळे समोरचा काहीतरी लपवतोय हे धरूनच चालायची सवय. माणसांच्या बाबतीत ती सवय संध्याकाळी सहाला सुटते. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत सुटी नाही.

महागड्या कार्डांशी त्याला देणंघेणं नाही. "लाखाचं कार्ड घेणारा फसायच्या तयारीनेच दुकानात येतो, वहिनी. त्याची काय कीव करायची?" त्याचा जीव अडकलाय तो मधल्या दर्जात, शेवटी साठ असलेल्या आकड्यांत. १०६०, २०६०, ३०६०, ४०६०, ५०६० हे घराणं तो वंशावळीसारखं म्हणून दाखवतो. "२०२१ साली बापाने, म्हणजे ३०६०ने, बारा जीबी मेमरी कमावून ठेवली. २०२३ साली मुलगा ४०६० आला, त्याच्याकडे आठ. २०२५ला नातू ५०६०, त्याच्याकडेही आठच. बारा एकरांची आठ एकर झाली, आणि हे म्हणतात नवी पिढी!"

एकदा मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर हा दारातच. "बस अरुंद केली, वहिनी."

"कुठली? एमआयडीसीची?"

मेमरीतून माल ने-आण करायच्या रस्त्यालाही बस म्हणतात, हे मला त्या सकाळी कळलं. ३०६०चा रस्ता १९२ बिटांचा, ४०६०चा १२८. "वर सांगतात, चिपमध्येच चोवीस एमबीची कॅश दिलीय, फेऱ्या कमी होतील. म्हणजे रस्ता अरुंद करायचा आणि नाक्यावर गोडाऊन बांधायचं." मग आवाज खाली आणून, वैऱ्याचा गुण कबूल करावा तसं म्हणाला, "वीज मात्र कमी खातं. १७० वॅटवरून ११५वर आणलंय." दूध तोवर तापलं होतं, पिशवीतच.

त्याचा खरा राग आहे तो बनवलेल्या फ्रेम्सवर. पडद्यावर सेकंदाला जितकी चित्रं उमटतील तितका खेळ गुळगुळीत दिसतो. नव्या कार्डांनी युक्ती काढली: दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरायची. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासला ही कार्डं बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे १,५९९ डॉलरच्या ४०९०इतकं चालेल असं सांगितलं, ते या भरलेल्या चित्रांच्या जिवावर. त्या दिवशी पिंट्या जेवला नाही. डोंबिवलीत फ्लॅट घेताना पोळलेला माणूस तो. "खऱ्या फ्रेम म्हणजे कार्पेट एरिया," तो म्हणाला, "आणि हे विकतात सुपर बिल्ट-अप! जिन्याचं, लिफ्टचं, गच्चीच्या टाकीचं सगळं धरून. फ्रेम्सना महारेरा लागू करायला पाहिजे."

(त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरात २०१६चं १०५० टीआय आहे, चार जीबीचं, आणि रात्री त्यावर तो क्रिकेट ०७ खेळतो. त्या खेळाला हे कार्डसुद्धा जास्त होतं. पण हे त्याला बोलून दाखवणं म्हणजे पंचांग बघणाऱ्याला स्वतःची पत्रिका विचारणं.)

गेल्या वर्षी जुलैत माझ्या मुलीला आर्किटेक्चरच्या थ्रीडी रेंडरसाठी कार्ड घ्यायचं ठरलं. मी चूक केली, पिंट्याला विचारलं. दोन आठवडे अभ्यास झाला. एएमडीचं ९०६० एक्सटी सोळा जीबीला ३४९ डॉलर, खेळायला नामी, पण हिच्या सॉफ्टवेअरला कुडा हवं, जे एएमडीच्या कार्डात नसतं, म्हणून बाद. उरलं ५०६० टीआय. त्यातही आठ जीबीचं ३७९ला, सोळाचं ४२९ला, आणि दोघांचं नाव एकच. "पन्नास डॉलरमध्ये दुप्पट मेमरी, मग आठवालं कुणासाठी काढलं? जो विचारत नाही त्याच्यासाठी!" हे मात्र मला पटलं. अर्धा देखावा मेमरीत मावला नाही तर रेंडर रडतखडत चालतो किंवा बंदच पडतो, आणि कार्डात मेमरी नंतर वाढवता येत नाही.

शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने सत्तेचाळीस हजार सांगितले. पिंट्याने वही काढली. "४२९ गुणिले ८६, वर १८ टक्के जीएसटी. साडेत्रेचाळीस होतात. मधले साडेतीन हजार कुठे गेले?"

"साहब," दुकानदार शांतपणे म्हणाला, "उसमें हम बैठे हैं."

इतकं सरळ उत्तर पिंट्याला आयुष्यात कुणी दिलं नसावं. त्याने वही मिटली. दीड हजार सुटले, चहा आला, आणि परतीच्या गाडीत तो खोका मांडीवर घेऊन डोंबिवलीपर्यंत गप्प होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. "काय म्हणतंय कार्ड?"

"छान चालतंय, पिंट्यादादा," मुलगी म्हणाली.

"छान म्हणजे किती?"

तिने विचार केला. "आधी रेंडर लावून जेवून उठले तरी चालूच असायचा. काल ताटं वाढेपर्यंत झाला."

पिंट्याने खिशातून वही काढली, पेनचं टोपण दाताने उघडलं आणि माझ्याकडे वळला.

"वहिनी, किती माणसांची ताटं?"